सायकलवरून स्पेन, पायी सियाचेन : फॅनी बुलक वर्कमन यांची जीवनयात्रा

सियाचेन हे नाव आज भारतीय वाचकाला बर्फातल्या लष्करी ठाण्यांमुळे परिचित आहे. त्या हिमनदीच्या माथ्याशी इंदिरा कोल नावाची एक खिंड आहे. या नावाचा कोणत्याही राजकीय नेत्याशी संबंध नाही. लक्ष्मीचे एक नाव म्हणून ते १९१२ मध्ये दिले गेले आणि ते देणारी व्यक्ती होती एक अमेरिकन स्त्री, फॅनी बुलक वर्कमन. त्या वेळी त्यांचे वय ५३ वर्षांचे होते. हिमालयातील हिमनद्यांच्या संशोधनाच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते आणि तितक्याच वादांसह घेतले जाते. मात्र या बाईंच्या प्रवासाची शाळा हिमालयात भरली नव्हती. ती सतरा वर्षे आधी, स्पेनच्या धुळीने माखलेल्या निवांत ग्रामीण रस्त्यांवर भरली होती आणि त्या शाळेत त्यांच्या सोबतीला होती सायकल.

फॅनी यांचा जन्म ८ जानेवारी १८५९ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर शहरी झाला. घर अतिशय श्रीमंत आणि प्रतिष्ठित होते. वडील अलेक्झांडर हॅमिल्टन बुलक हे १८६६ ते १८६९ या काळात त्या राज्याचे गव्हर्नर होते. आई एल्व्हायरा यांचे माहेर हॅझर्ड घराण्यातले. बंदुकीच्या दारूच्या कारखानदारीतून त्या घराण्याने मोठी संपत्ती मिळवली होती. तीन भावंडांत फॅनी सर्वांत धाकट्या. घरी शिकवायला येणारी शिक्षिका, मग न्यूयॉर्कमधील श्रीमंत मुलींची शाळा, त्यानंतर पॅरिस आणि ड्रेस्डेन येथील वास्तव्य, असे त्यांचे शिक्षण झाले. फ्रेंच आणि जर्मन या भाषा त्यांना चांगल्या अवगत झाल्या. अशा मुलीने पुढे काय करायचे, हे त्या समाजाने ठरवूनच ठेवलेले होते. चांगले स्थळ, मोठे घर, मुलेबाळे आणि संध्याकाळच्या मेजवान्या.

स्थळ चांगलेच मिळाले. १८८२ मध्ये त्यांचा विवाह डॉ. विल्यम हंटर वर्कमन यांच्याशी झाला. ते वूस्टरमधले नामवंत डॉक्टर होते आणि फॅनीपेक्षा बारा वर्षांनी मोठे होते. डोंगर चढण्याची आवड विल्यम यांना आधीपासून होती. न्यू हॅम्पशायरमधील व्हाइट माउंटन्स या डोंगररांगेत त्यांनी पत्नीला नेले आणि फॅनी यांना चढणीची गोडी लागली. अमेरिकेतल्या त्या डोंगरांत स्त्रियांनी पुरुषांबरोबर चढाई करणे फारसे वावगे मानले जात नव्हते. युरोपात त्या मानाने बंधने अधिक होती. हा फरक त्यांच्या मनावर कायमचा ठसला असावा, कारण पुढे युरोपातील विद्वत्सभांच्या दारात उभे राहताना त्यांनी कधीच मान खाली घातली नाही.

१८८४ मध्ये त्यांना मुलगी झाली. तिचे नाव रेचल. पुढे दोघांच्याही वडिलांचे निधन झाले आणि मोठी संपत्ती वारशाने हाती आली. प्रकृतीच्या कारणाने विल्यम यांनी डॉक्टरकी सोडली आणि १८८९ मध्ये हे कुटुंब जर्मनीत राहायला गेले. त्याच वर्षी मुलगा झाला. त्याचे नाव झिगफ्रीड ठेवले. युरोपात आल्प्स पर्वताच्या चढाया सुरू झाल्या. माँ ब्लाँ, युंगफ्राउ, मॅटरहॉर्न ही शिखरे त्या काळी फार थोड्या स्त्रियांनी गाठली होती आणि फॅनी त्यांत होत्या.

१८९३ मध्ये झिगफ्रीड इन्फ्लुएंझा आणि न्यूमोनियाने दगावला. तो जेमतेम चार वर्षांचा होता.

या मृत्यूनंतर वर्कमन दांपत्याचे घर म्हणून जे काही होते, ते जणू विरून गेले. एका गावी स्थिर राहून संसार करण्याचा विचार त्यांनी सोडून दिला. रेचल दाया आणि निवासी शाळा यांच्या स्वाधीन झाली. आई-वडील रस्त्यावर उतरले आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे उतरलेलेच राहिले. मुलाच्या मृत्यूचे दुःख त्यांनी आपल्या प्रवासग्रंथांत मांडले नाही. त्या ग्रंथांत अंतरे आहेत, उंच्या आहेत, देवळे आणि राजवाडे आहेत, रस्त्यांची स्थिती आहे. दुःखाची जागा मोजमापाने घेतली, असे ती पाने वाचताना जाणवत राहते.

सायकल हे त्या वेळी नवे यंत्र होते. पुढचे चाक पुरुषभर उंच आणि मागचे चिमुकले, अशी जुनी सायकल स्त्रियांच्या उपयोगाची नव्हती. १८८५ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन्ही चाके सारख्या आकाराची, साखळीने फिरणारी सायकल बाजारात आणली. तीन वर्षांनी डनलॉप यांचा हवेचा टायर आला. या दोन शोधांमुळे सायकल सुरक्षित झाली, हाडे खिळखिळी होणे कमी झाले आणि घेर असलेला झगा घालून स्त्रीलाही ती चालवता येऊ लागली. १८९० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेतील मध्यमवर्गीय स्त्रिया मोठ्या संख्येने सायकली चालवू लागल्या. घोडागाडी, गाडीवान, सोबतीला पुरुष, या कशाचीही गरज न उरता घराबाहेर पडण्याची मुभा स्त्रीला या यंत्राने दिली. ती मुभा शहराच्या बागेपुरती वापरणाऱ्या पुष्कळ होत्या. फॅनी यांनी तिचा अर्थ फार लांबवर नेला.

फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड येथील प्रवासांनंतर हे दांपत्य भूमध्य समुद्र ओलांडून अल्जीरियात गेले आणि अ‍ॅटलस पर्वत पार करून सहाराच्या कडेपर्यंत पोहोचले. त्या प्रवासाचे पुस्तक १८९५ मध्ये निघाले. त्याच वर्षी त्यांनी स्पेनकडे मोर्चा वळवला.

स्पेनचे रस्ते त्या वेळी निवांत का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. १८४८ मध्ये बार्सिलोना ते मातारो ही स्पेनच्या मुख्य भूमीवरील पहिली रेल्वे धावली. पुढच्या चाळीस वर्षांत रेल्वेचे जाळे पसरले आणि दूरचे प्रवासी व माल रुळांवर गेले. सरकारने खडी टाकून बांधलेले हमरस्ते, ज्यांना तिकडे कारेतेरा म्हणतात, ते मागे राहिले. मोटारगाडी यायची होती. त्यामुळे या रस्त्यांवर उरले ते खेचरांचे तांडे, बैलगाड्या, मेंढ्यांचे कळप आणि जिथे रेल्वे पोहोचली नव्हती तिथे चालणाऱ्या टपालाच्या घोडागाड्या. रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर रस्ता राखणाऱ्या कामगारांची लहान घरे असत. आपल्या वाट्याच्या टापूतील खड्डे बुजवणे, गटारे मोकळी ठेवणे, नवी खडी पसरणे ही त्यांची कामे. शिवाय सिव्हिल गार्ड या निमलष्करी दलाचे शिपाई चकचकीत काळ्या टोप्या घालून नेहमी जोडीने गस्त घालत. सायकलवरच्या प्रवाशाला इतका मोकळा आणि तरीही राखलेला रस्ता इतिहासात थोड्याच वर्षांपुरता मिळाला. वर्कमन दांपत्याने तो नेमका पकडला.

त्यांनी स्पेनमध्ये सुमारे २,८०० मैल, म्हणजे जवळपास ४,५०० किलोमीटर अंतर सायकलने तोडले. रोजची सरासरी ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर. काही दिवशी हा आकडा ८० मैलांपर्यंत, म्हणजे १३० किलोमीटरच्या जवळ गेला. प्रत्येकाच्या सायकलवर सुमारे नऊ किलो सामान असे. महिनोन्‌महिने चालणाऱ्या प्रवासासाठी हे सामान अगदी तुटपुंजे. त्यात कपडे आले, दुरुस्तीची हत्यारे आली, टायरला लावायची ठिगळे आली. पुस्तकाला सोबत म्हणून दोघे प्रवासात छायाचित्रे काढत, तेव्हा कॅमेऱ्याचेही वजन धरावे लागे.

हे आकडे आजच्या सायकलस्वाराला फार मोठे वाटणार नाहीत. तेव्हाची सायकल मात्र नजरेसमोर आणली पाहिजे. तिला गिअर नव्हते. चढावर जोर लावण्याखेरीज किंवा उतरून ढकलण्याखेरीज उपाय नसे. फ्रीव्हीलची सोय अजून रूढ व्हायची होती, त्यामुळे चाक फिरते तोवर पायडलही फिरत राही. उतारावर स्वार पाय उचलून पुढच्या दांड्यावरच्या टेकूवर ठेवी आणि सायकल आपल्या वेगाने धावू देई. ब्रेक म्हणजे पुढच्या टायरवर दाबली जाणारी एक पट्टी. लांब उतारावर तिच्यावर फार विसंबता येत नसे. आणि स्पेन हा युरोपातील अत्यंत डोंगराळ देशांपैकी एक. त्याच्या मध्यभागी सहाशे-सातशे मीटर उंचीचे विस्तीर्ण पठार आहे आणि समुद्रकिनाऱ्यावरून आत जायचे तर कुठून ना कुठून घाट चढावाच लागतो. घेरदार झगा सांभाळत फॅनी यांनी हे घाट चढले.

इतके अंतर सायकलने कापणाऱ्याला स्पेनचे सगळे चेहरे दिसतात. भूमध्य किनाऱ्यालगतच्या संत्र्यांच्या बागा आणि अरबांच्या काळापासून चालत आलेले पाटपाणी. दक्षिणेत अंदालुसियाच्या टेकड्यांवर रांगांमागून रांगा लावलेली ऑलिव्हची झाडे. मधल्या पठारावर गव्हाची शेते, ज्यात उन्हाळ्यात मैलन्‌मैल सावलीला झाड मिळत नाही. गाव दिसू लागते ते आधी चर्चच्या मनोऱ्याच्या रूपाने, आणि दिसल्यावरही तिथे पोहोचायला तास-दीड तास लागतो. गावात शिरल्यावर पाण्याचा सार्वजनिक झरा, त्याभोवती घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायका, आणि चौकात जमलेली माणसे. सायकल पाहिलेली माणसे तिथे थोडी होती. सायकलवर बसलेली बाई पाहिलेली त्याहून थोडी.

मुक्कामासाठी गावोगावी ज्या खाणावळी होत्या, त्यांना स्पॅनिश भाषेत फोंडा म्हणतात. गोव्यातल्या वाचकाला हा शब्द ऐकून आपल्या फोंड्याची आठवण होईल, पण दोहोंचा संबंध काही नाही. त्याहून साध्या धर्मशाळेसारख्या जागेला पोसादा म्हणत. तिथे खाली खेचरे बांधलेली असत आणि वर माणसे झोपत. मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची मुलगी अशा जागांत उतरत होती. ऐपत नव्हती म्हणून नव्हे, तर सायकलच्या वाटेवर संध्याकाळी जे मिळेल त्यात राहावे लागते म्हणून.

अडचणी होत्याच. खेचरे सायकलला बुजत. तांडा उधळला तर मालाचे नुकसान होई आणि खेचरवाल्यांच्या रागाला तोंड द्यावे लागे. गावकुत्री चाकांमागे धावत. फॅनी प्रवासात कुत्र्यांना हाकलण्यासाठी चाबूक आणि स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगत असत. त्यांचा स्वभाव मुळातच नमते घेणारा नव्हता. या रस्त्यांनी त्यांना एक गोष्ट शिकवली. ओळखपाळख नसलेल्या प्रदेशात, मोजके सामान घेऊन, रोज ठरलेले अंतर आपण आपल्या पायांच्या जोरावर तोडू शकतो. रोज रात्री वहीत लिहिलेला मैलांचा आकडा ही अशी साक्ष होती, जी कुणी पुरुष खोटी पाडू शकत नव्हता.

या प्रवासाचे पुस्तक पती-पत्नी दोघांच्या नावाने १८९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात स्पेनच्या ग्रामीण जीवनाचे, जुन्या वास्तूंचे आणि रस्त्यांचे वर्णन आहे. या पुस्तकाची वेळही लक्षात घेण्याजोगी होती. १८९५ च्या फेब्रुवारीत क्युबामध्ये स्पेनविरुद्ध उठाव सुरू झाला होता आणि अमेरिकेची सहानुभूती उठाव करणाऱ्यांकडे होती. पुस्तक निघाल्यानंतर वर्षभरातच, १८९८ मध्ये, अमेरिका आणि स्पेन यांच्यात युद्ध पेटले आणि स्पेनने क्युबा, पोर्तो रिको व फिलिपिन्स गमावले. ज्या देशाच्या खेड्यापाड्यांतून हे अमेरिकन दांपत्य निर्धोक फिरले, तोच देश लगेच त्यांच्या देशाचा शत्रू ठरला. तोवर ते दोघे भारतात पोहोचले होते.

१८९७ च्या अखेरीस ते सिलोनमध्ये उतरले. फॅनी तेव्हा ३८ वर्षांच्या होत्या आणि विल्यम ५० वर्षांचे. पुढची सुमारे अडीच वर्षे सिलोन, भारत, ब्रह्मदेश, जावा आणि इंडोचायना या प्रदेशांत गेली. भारताच्या दक्षिण टोकापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत सुमारे ४,००० मैल त्यांनी सायकलने केले. स्पेनमध्ये शिकलेले सगळे इथे कामी आले आणि तरीही अपुरे पडले. रसद मिळावी म्हणून ते शक्यतो रेल्वेच्या जवळचे मोठे रस्ते धरत आणि पुष्कळदा स्टेशनातील प्रतीक्षागृहात रात्र काढत. डास, उंदीर, तळपते ऊन यांनी त्यांची परीक्षा पाहिली. काट्यांमुळे काही दिवशी चाळीसपर्यंत पंक्चर काढावी लागली. तो काळ मुंबई-पुण्याकडे प्लेगच्या साथीचा होता; १८९६ मध्ये मुंबईत शिरलेली ती साथ देशभर पसरत होती.

भारतीय मंदिरे आणि लेणी समजून घेण्यासाठी त्यांनी रामायण, महाभारत आणि जातककथा वाचल्या. जुन्या शिल्पांविषयी त्यांच्या मनात खरा आदर होता. त्या शिल्पांच्या शेजारी राहणाऱ्या जिवंत माणसांविषयी मात्र तितके कुतूहल त्यांनी दाखवले नाही. भारताच्या सायकलप्रवासावरचे त्यांचे पुस्तक १९०४ मध्ये आले. त्याच्या शीर्षकातच चौदा हजार मैलांचा उल्लेख आहे. आकडा पुन्हा पुढे.

१८९८ च्या उन्हाळ्यात मैदानी उष्म्यापासून सुटका म्हणून ते हिमालयाकडे गेले आणि सायकल मागे राहिली. पुढच्या चौदा वर्षांत काराकोरम आणि काश्मीरच्या हिमप्रदेशात त्यांनी एकामागून एक मोहिमा काढल्या. १८९९ मध्ये बियाफो हिमनदीच्या परिसरात, स्वित्झर्लंडचे नामांकित वाटाडे मातियास झुर्ब्रिगेन यांच्यासह, त्यांनी काही अनामिक शिखरे गाठली. त्यांपैकी एकाला त्यांनी माउंट बुलक वर्कमन असे आपलेच नाव दिले. दुसऱ्याला नाव दिले झिगफ्रीडहॉर्न. चार वर्षांच्या मुलाचे नाव जगाच्या नकाशावर लिहिण्याची ही एकच जागा आईला सापडली होती.

१९०६ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, त्यांनी नून कून पर्वतसमूहातील पिनॅकल पीक हे शिखर सर केले. त्यांच्या मोजणीनुसार त्याची उंची २३,३०० फूट होती. नंतरच्या मोजणीत ती ६,९३० मीटर, म्हणजे सुमारे २२,७३५ फूट ठरली. इतक्या उंचीवर तोवर कोणतीही स्त्री पोहोचली नव्हती आणि हा विक्रम १९३४ पर्यंत टिकला. १९०८ मध्ये अमेरिकेच्याच अ‍ॅनी स्मिथ पेक यांनी पेरू देशातील वास्कारान शिखरावर याहून अधिक उंची गाठल्याचा दावा केला. फॅनी यांनी फ्रेंच सर्वेक्षकांचे पथक स्वखर्चाने पेरूला पाठवले आणि शिखराची शास्त्रशुद्ध मोजणी करवली. खर्च १३,००० डॉलर आला. वास्कारान दाव्यापेक्षा बरेच कमी उंच निघाले आणि फॅनी यांचा विक्रम अबाधित राहिला. अ‍ॅनी पेक या बेताच्या परिस्थितीतून, वर्गणी जमवून मोहिमा करणाऱ्या होत्या. दोन कर्तबगार स्त्रियांमधील ही झुंज एकीच्या श्रीमंतीने निकालात निघाली, हेही त्या काळाचे चित्र आहे.

मोजमापाच्या या आग्रहामागे हट्ट होता तसे कारणही होते. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८९२-९३ मध्ये काही स्त्रियांना सदस्यत्व दिले आणि विरोध होताच दार पुन्हा लावून घेतले. ते उघडायला १९१३ साल उजाडले. मधल्या काळात, १९०५ मध्ये, फॅनी यांनी त्या संस्थेपुढे व्याख्यान दिले. इझाबेला बर्ड यांच्यानंतर असा मान मिळालेल्या त्या दुसऱ्या स्त्री होत. पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात व्याख्यान देणारी पहिली अमेरिकन स्त्रीही त्याच. युरोपातील अनेक भूगोलसंस्थांनी त्यांना पदके दिली. अशा सभागृहांत स्त्रीच्या शब्दावर विश्वास ठेवला जात नव्हता. तिथे उंचीमापक यंत्र, नकाशा आणि आकडा बोलत असे.

घरातली कामाची वाटणीही त्या काळात विलक्षण होती. पती-पत्नी आळीपाळीने मोहिमेची जबाबदारी घेत. एका वर्षी एकाने व्यवस्था पाहायची, तर दुसऱ्याने शास्त्रीय नोंदी आणि छायाचित्रे; पुढच्या वर्षी उलट. १९११-१२ ची सियाचेन मोहीम फॅनी यांच्या नेतृत्वाखाली झाली. त्या काळी अल्पज्ञात असलेल्या सुमारे सत्तर किलोमीटर लांबीच्या हिमनदीचे आणि तिच्या उपनद्यांचे सर्वेक्षण या मोहिमेत झाले. या मोहिमेत एक इटालियन सहकारी बर्फाच्या भेगेत पडून मरण पावला. फॅनी त्या भेगेच्या अगदी जवळून गेल्या होत्या. मोहीम थांबवावी की नाही, हा विचार झाला आणि ती पुढे चालू राहिली. सुमारे २१,००० फुटांवरच्या एका पठारावर त्या एक वृत्तपत्र उघडून उभ्या राहिल्या आणि छायाचित्र काढवून घेतले. ते वृत्तपत्र स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून चालवले जात होते. त्यांचे हे छायाचित्र सर्वांत प्रसिद्ध ठरले.

या यशाची दुसरी बाजू झाकण्यासारखी नाही. वर्कमन दांपत्याचे हमालांशी संबंध सतत बिघडत राहिले. बाल्टी आणि काश्मिरी हमाल काम सोडून जात, धान्य पळवत, पुढे जायला नकार देत, अशा तक्रारी त्यांच्या पुस्तकांत ठायी ठायी आहेत. अपुऱ्या कपड्यांत, अनवाणी किंवा गवताच्या चपला घालून बर्फावर ओझे वाहणाऱ्या माणसाला पुढे जाण्यात काय रस असणार, हा प्रश्न त्या पुस्तकांना पडत नाही. हिमालयाच्या संशोधनाचा इतिहास लिहिणाऱ्या केनेथ मेसन यांनीही या दांपत्याच्या उतावळेपणावर आणि हमालांना समजून न घेण्यावर बोट ठेवले. त्यांच्या सुरुवातीच्या नकाशांतील चुकाही नंतरच्या सर्वेक्षकांनी दाखवून दिल्या. स्पेनच्या रस्त्यांवर दोघांनी आपले ओझे आपणच वाहिले होते. सायकलवर दुसऱ्याचे पाय लागत नाहीत. हिमालयात पाय शेकडो जणांचे लागले आणि नाव दोघांचेच झाले.

आणि रेचल. तिचे बालपण आई-वडिलांच्या पत्रांत आणि निवासी शाळांत गेले. मोठेपणी त्या भूशास्त्रज्ञ झाल्या. १९१९ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने प्रथमच स्त्रियांना सदस्य करून घेतले, त्या पहिल्या तुकडीत रेचल होत्या. त्यांचे पती सर अलेक्झांडर मॅक्‌रॉबर्ट यांचा कानपूर येथे लोकरीच्या गिरण्यांचा मोठा कारभार होता. रेचल यांना तीन मुलगे झाले. थोरला १९३८ मध्ये विमान अपघातात गेला आणि उरलेले दोघे १९४१ मध्ये युद्धात वैमानिक म्हणून कामी आले. त्यानंतर रेचल यांनी ब्रिटिश हवाई दलाला एका बॉम्बफेकी विमानासाठी २५,००० पौंड दिले. आईने एक मुलगा गमावल्यावर रस्ता धरला होता. मुलीच्या वाट्याला तेच दुःख तिपटीने आले आणि तिनेही ते बोलून दाखवण्याऐवजी कृतीत उतरवले.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि मोहिमा थांबल्या. सियाचेनवरचे पुस्तक १९१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास फॅनी यांची प्रकृती ढासळू लागली. दीर्घ आजारानंतर २२ जानेवारी १९२५ रोजी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील कान येथे त्यांचे निधन झाले. वय ६६ वर्षांचे होते. मृत्युपत्रात त्यांनी अमेरिकेतील रॅडक्लिफ, वेलस्ली, स्मिथ आणि ब्रिन मॉर या चार स्त्री-महाविद्यालयांसाठी मिळून १,२५,००० डॉलर ठेवले होते. स्वतःला जे उच्च शिक्षण मिळाले नाही, ते पुढच्या मुलींना मिळावे, ही त्यामागची तळमळ स्पष्ट आहे. विल्यम त्यानंतर बारा वर्षे जगले आणि १९३७ मध्ये नव्वदीत वारले.

ज्या रस्त्यांवरून हे दांपत्य गेले, ते हमरस्ते पुढे मोटारींनी भरून गेले. ज्या रेल्वेने ते रस्ते एकदा रिकामे केले होते, तिच्या अनेक लहान फाट्यांवरील गाड्या विसाव्या शतकात बंद पडल्या. १९९३ पासून स्पेनने अशा बंद लोहमार्गांवर हिरव्या वाटा तयार करायला सुरुवात केली. आज अशा वाटांची एकूण लांबी ३,००० किलोमीटरहून अधिक आहे. अंदालुसियात ऑलिव्हचे तेल वाहून नेणाऱ्या जुन्या मार्गावरून आता सायकली जातात. मोटार नाही, चढ बेताचे, दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडे आणि जुन्या स्टेशनांच्या इमारती. त्या वाटेवर एकटी सायकलवरून निघालेली स्त्री आज कुणाला थांबून बघावीशी वाटत नाही.

फॅनी आणि विल्यम यांच्या अस्थी वूस्टरच्या दफनभूमीत एकत्र आहेत. तिथल्या स्मारकशिळेवर हिमालयाच्या संशोधनातील अग्रणी म्हणून दोघांचा उल्लेख आहे. सायकलचा नाही, आणि झिगफ्रीडच्या नावाचे शिखर तिथून हजारो मैल दूर, बियाफोच्या बर्फापलीकडे उभे आहे.